पांचवें कारण



दैव आणि प्रयत्न या विषयावर आमच्या घरीं आजवर जेवढे वाद झाले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही विषयावर झाले नसतील. एकत्र कुटुंब म्हटलें कीं त्यांत पत्रिका पाहणारे एक काका असतात, पत्रिकेस हंसणारा एक पुतण्या असतो, आणि दोघांनाही पोटभर जेवूं घालून "आतां पुरे" म्हणणारी एक काकू असते. हे वाद बहुधा भोजनोत्तर सुपारीबरोबर चघळण्याचे असतात, आणि सुपारी संपली कीं तेही संपतात. दैववादी काका दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी चुकूं नये म्हणून धांवत सुटतात, आणि प्रयत्नवादी पुतण्या परीक्षेला जातांना हळूच देवापुढें हात जोडतो. परंतु कधीं कधीं हा विषय सुपारीचा राहत नाहीं. तो दार ठोठावून घरांत येतो आणि उत्तर घेतल्यावांचून जात नाहीं. असा एक प्रसंग आमच्या घरीं आला, तो आज सांगावयाचा आहे.

आमचें बिऱ्हाड भाईंदरास, स्टेशनाच्या पश्चिमेला. गिरगांवांतल्या दोन खोल्या सोडून वडील व चुलते इकडे राहावयास आले, तेव्हां गच्चीवरून मिठागरांतले पांढरे ढीग दिसत आणि संध्याकाळीं खाडीवरून खारा वारा येई. आतां चोहोंकडे इमारती उभ्या राहिल्या, २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, आणि आमच्या दोन लगतच्या घरांतलीं माणसें अकरा झालीं. परंतु खाडी होती तेथेंच आहे. भाईंदर हें तिच्या अलीकडचें शेवटचें स्टेशन. तें सुटलें कीं विरारकडे जाणारी गाडी पुलावर चढते आणि तिचा आवाज एकाएकीं बदलतो. डोळे मिटून बसलेल्या उतारूलाही त्या आवाजावरून खाडी आली हें कळतें. कांहीं जण हात जोडतात. आणि दाराशीं उभा असलेला एखादा हातांतली पिशवी बाहेर भिरकावतो.

त्या पिशवींत काय असतें हें आपल्यापैकीं बहुतेकांस सांगावयास नको. देवावरचीं सुकलेलीं फुलें, दूर्वा, बेल, समईच्या जळक्या वाती, आणि कधीं कलशावरचा नारळ. निर्माल्य पायदळीं येऊं नये, वाहत्या पाण्यांत सोडावें, ही आपल्या घरांतली जुनी शिकवण. ज्यांच्या परसांत आड होता, वाड्यामागें नदी होती, त्यांना ती पाळणें सोपें होतें. चवथ्या मजल्यावर राहणाऱ्यास परस नाहीं आणि नदीही नाहीं. मग रोज खाडी ओलांडणारा घरांतला माणूस हाच घाट होऊन बसतो. काकू पिशवीला गांठ मारून ती दाराच्या खिळ्याला अडकवीत असे, आणि मी कामावर निघतांना ती उचलून नेत असें. वीस वर्षें मी हें केलें. पुढें मी सेवानिवृत्त झालों, आणि वसईस नोकरीला असलेल्या पुतण्याकडे हें काम आपोआप गेलें. त्याला कोणी तें शिकविलें नाहीं. पिशवी खिळ्यावर होती, एवढेंच.

खाडीच्या मधोमध पाणजू नांवाचें बेट आहे, ही गोष्ट मला इतकीं वर्षें ठाऊक असून ठाऊक नव्हती. १८६४ सालीं हा लोहमार्ग गुजराथेकडून मुंबईस येऊन पोंचला. तेव्हांपासून गाड्या या खाडीवरून जात आल्या आहेत. भाईंदरकडून एक पूल बेटावर उतरतो, आणि बेटावरून दुसरा पूल नायगांवकडे जातो. परंतु बेटावर स्टेशन नाहीं. ज्या लोकांच्या डोक्यावरून आपली गाडी जाते, त्यांच्यासाठीं ती थांबत नाहीं. त्यांस बाहेर पडावयाचें तर होडी. आणि होडी नसली, कीं रुळांच्या कडेनें पुलावरून पायीं चालत नायगांव गांठावयाचें. दाराशीं उभ्या असलेल्या उतारूला खालीं पाणी दिसतें, म्हणून तो पिशवी टाकतो. पाण्याच्या अलीकडे एक अरुंद वाट आहे आणि तिच्यावर माणूस असूं शकतो, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. माझ्याही आलें नव्हतें.

२०२५ सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस, नवरात्रांतल्या एका शनिवारीं सकाळीं, पाणजूचा एक तरुण त्या पुलावरून नायगांवकडे चालला होता. धांवत्या गाडींतून कोणीतरी निर्माल्याची पिशवी फेंकली. तींत नारळ होता. तो त्याच्या डोक्याला लागला, आणि दुसऱ्या दिवशीं तो रुग्णालयांत मरण पावला. गाडी थांबली नाहीं, थांबण्याचें कारणही तिला कळलें नाहीं. ज्या हातानें ती पिशवी सोडली, त्या हाताला मागें काय झालें हें समजण्याचा मार्गच नव्हता. त्या घरीं संध्याकाळीं नेहमींप्रमाणें आरती झाली असेल.

बातमी वर्तमानपत्रांत आली त्या सकाळीं माझे वडील बंधु ती मोठ्यानें वाचीत होते. काकू ताटलींत फुलें निवडीत बसली होती. ती हळहळून म्हणाली, "अरेरे! बिचाऱ्याचें आयुष्यच तेवढें होतें." कोणी कांहीं बोललें नाहीं. असल्या बातमीनंतर हें वाक्य उच्चारणें हा आपल्याकडे जवळजवळ एक विधिच आहे. तें बोललें गेलें कीं बातमी संपते आणि दिवस पुढें चालूं लागतो. पण त्या दिवशीं माझी सून हात पुसत स्वयंपाकघराच्या दारांत आली आणि तिनें विचारलें, "आजी, आपण गेल्या आठवड्यांत दिलेल्या पिशवींत नारळ होता ना?"

होता. गणपतीच्या कलशावरचा नारळ देवघरांत तसाच राहून गेला होता. नवरात्र बसल्यावर देवघर आवरतांना काकूनें तो पिशवींत घातला होता. सगळ्यांच्या माना एकदम पुतण्याकडे वळल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मनांतल्या मनांत वार मोजीत असावा. मग म्हणाला, "मी गुरुवारीं टाकली. शनिवारीं मला सुटी होती. मी घरींच होतों." शनिवारीं तो घरीं होता याची साक्ष तिघांनीं लागलीच दिली. काकूनें देवाकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, "सुटलों ग बाई!"

आम्हीं सर्वांनीं निःश्वास सोडला. खरें सांगावयाचें तर सर्वांत मोठा निःश्वास माझाच होता. परंतु तो सोडतांच मनाला एक कांटा टोंचला, तो अजून निघाला नाहीं. आपण सुटलों म्हणजे नेमके कशांतून सुटलों? गुरुवारच्या पिशवींत आणि शनिवारच्या पिशवींत भेद कोणता? हेतु तोच, हात तसाच, दार तेंच, पूल तोच. एकीखालीं पाणी आलें आणि दुसरीखालीं माणूस आला. आम्ही निर्दोष होतों म्हणून सुटलों नव्हतों. दैव अनुकूल होतें म्हणून सुटलों होतों. आणि ज्या क्षणीं हें मनांत आलें, त्या क्षणीं काकूचें पहिलें वाक्य मला निराळेंच ऐकूं येऊं लागलें.

महाभारतांत अनुशासनपर्वाच्या आरंभीं गौतमी नांवाच्या एका वृद्ध ब्राह्मणीची कथा आहे. तिच्या मुलाला सर्प चावतो आणि मूल मरतें. अर्जुनक नांवाचा व्याध सर्पाला बांधून तिच्यापुढें आणतो आणि याला कसा मारूं असें विचारतो. गौतमी म्हणते, सोडून दे. याला मारून माझें मूल परत येणार नाहीं. व्याध ऐकत नाहीं. तेव्हां सर्प आपली बाजू मांडतो, कीं मी स्वतंत्र नाहीं, मृत्यूनें मला धाडलें. मृत्यु येऊन सांगतो, कीं मला काळानें धाडलें. शेवटीं काळ येतो आणि म्हणतो, कीं आम्हां कोणाचाच दोष नाहीं. त्या बालकाचें कर्मच त्याच्या मरणास कारण झालें. शरपंजरीं पडलेले भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगतात, कारण आपल्यामुळें पितामहांची ही दशा झाली या विचारानें तो खचून गेला आहे.

या कथेचा दाखला दैववादाच्या बाजूनें पुष्कळदां दिला जातो. मीही लहानपणीं ती तशीच ऐकली. परंतु त्या दिवसानंतर मीं ती पुन्हां काढून वाचली, तेव्हां दोन गोष्टी ध्यानांत आल्या. पहिली ही, कीं गौतमीनें क्षमा केली ती सर्पाचा युक्तिवाद ऐकण्यापूर्वींच केली. तिच्या क्षमेला त्या वकिलीची गरज नव्हती. दुसरी ही, कीं "यांत सर्पाचा दोष नाहीं" हें एकच वाक्य त्या कथेंत दोन तोंडांतून येतें, आणि दोन्ही ठिकाणीं त्याचा अर्थ एक नाहीं. गौतमी तें बोलते तेव्हां ती आपला सूड सोडून देते, म्हणजे कांहींतरी गमावते. सर्प तसें बोलतो तेव्हां तो आपली मान सोडवून घेतो, म्हणजे कांहींतरी कमावतो. जें वचन गौतमीच्या तोंडीं शोभतें, तें सर्पाच्या तोंडीं शोभत नाहीं. पाणजूच्या त्या घरांतल्या एखाद्या वृद्धेनें डोळे पुशीत म्हटलें असतें, कीं माझ्या लेकराचें आयुष्यच तेवढें होतें, तर त्या वाक्यापुढें मस्तक नमवावें. पण तें वाक्य भाईंदरच्या आमच्या दिवाणखान्यांत, खिळ्याला पिशवी लटकत असतांना बोललें गेलें. तेथें तें सांत्वन नव्हतें. ती पळवाट होती.

मग दैव मुळींच नाहीं काय? असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा, आणि दैव. मी एकटाच सर्व करतों असें मानणाऱ्याची समज अपुरी आहे, असेंही तेथेंच बजाविलें आहे. म्हणजे गीता दैवास नाकारीत नाहीं; परंतु गणना करतांना त्याला पांचवें ठेवते. आपण मात्र मोजणीला पांचव्यापासून सुरुवात करतों आणि तेथेंच थांबतों.

त्या शनिवारचा हिशेब या पांच घरांत मांडून पाहा. अधिष्ठान म्हणजे ती जागा: स्टेशन नसलेलें बेट आणि चालण्यासाठीं न बांधलेला पूल. कर्ता म्हणजे तो हात, आणि त्या हातामागें पिशवीला गांठ मारणारें सबंध घर. करण म्हणजे साधनें: प्लास्टिकची पिशवी, नारळ, गाडीचें उघडें दार. चेष्टा म्हणजे फेंकणें, चालणें, धांवणें या सर्व हालचाली. या चारांचा हिशेब झाल्यावर जें उरतें तें दैव: तोच क्षण, तेंच पाऊल. एक पाऊल मागें असतें तर पिशवी पाण्यांत गेली असती. तें कोणाच्याच हातीं नव्हतें, आणि तेवढें दैवाच्या नांवावर खुशाल लिहावें. परंतु पहिल्या चार घरांतलें देणें पांचव्यावर लिहिणें ही खोटी जमाखर्चाची वही झाली.

चेष्टेसंबंधानें एक लहानसें गणित पुतण्यानेंच मांडून दाखविलें. गाडी ताशीं ७२ किलोमीटर वेगानें चालली आहे असें धरूं. म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाराशीं उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतला नारळही त्याच वेगानें चाललेला असतो. हात सुटला तरी तो वेग नारळाबरोबर राहतो. त्या वेगानें जाणारा नारळ उभ्या माणसाला लागणें म्हणजे सुमारें २० मीटर उंचीवरून, सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, तो डोक्यावर पडण्यासारखें आहे. गच्चीवरून रस्त्यावर नारळ टाकावयास आपल्यापैकीं कोणीही धजणार नाहीं. मग गाडींतून कसे धजतों? कारण तो वेग आपल्याला जाणवत नाहीं. आपण नारळाबरोबरच चाललेले असतों. आपल्या हाताला तो स्थिर वाटतो. आपण फक्त सोडला, मारला नाहीं, असें आपल्याला प्रामाणिकपणें वाटतें.

मला वाटतें, मनुष्याच्या जबाबदारीचें खरें मर्म येथें आहे. जो वेग आपल्याला जाणवत नाहीं, तोही आपलाच असतो. घरांतल्या रीती, वाडवडिलांपासून चालत आलेल्या संवयी, आपल्या वर्गाची सोय, हा सर्व असाच वेग आहे. आपण त्याच्याबरोबर वाहत असतों, म्हणून तो दिसत नाहीं; पुलावर उभा असलेल्याला मात्र तो लागतो.

हा वेग दाखवितां येतो, याचा एक पुरावा मुंबईंतच आहे. २०१० च्या सुमारास वडाळा स्टेशनाजवळ रूळ ओलांडतांना फार माणसें मरत. मनुष्याच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळानें तेथें निरीक्षण केलें, तेव्हां असें दिसलें कीं समोरून येणारी गाडी जेवढी मोठी, तेवढी ती सावकाश येत आहे असें माणसाला वाटतें. त्यांनीं रुळांखालच्या कांहीं स्लीपरांना पिंवळा रंग दिला; तो रंग एकेक करून गाडीखालीं झांकला जातांना दिसला कीं वेगाची कल्पना येते. एका लांब शिटीऐवजीं दोन तुटक शिट्या देण्याची व्यवस्था केली, आणि गाडीखालीं सांपडणाऱ्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याचें, एका नटाचें, छायाचित्र तेथें लावलें. त्या जागीं मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ घटलें. ग्रह तेच होते, पत्रिका त्याच होत्या. बदललें तें करण आणि अधिष्ठान. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२४ या एका वर्षांत २,४०० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्या सर्वांच्या नांवापुढें "आयुष्य संपलें" असें लिहिण्यापूर्वीं रंगाचा एखादा डबा कोठें कमी पडला काय, हें पाहणें आपलें काम नव्हे काय?

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या घरीं आलाच. काका म्हणाले, "पण तो पुलावरून चाललाच कां? कायद्यानें तो अपराध आहे." खरें आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणें रेल्वेच्या हद्दींत विनापरवाना शिरणारास शिक्षा आहे. परंतु या आक्षेपाची जात ओळखली पाहिजे. मृताचें दैव पुरेसें वाटलें नाहीं, म्हणून आतां मृताचा दोष शोधला गेला. दोन्ही शोधांत आपली पिशवी सुखरूप राहिली. बेटावरच्या माणसाला पोटासाठीं बाहेर पडावें लागतें, आणि होडी नसेल त्या दिवशीं त्याच्यापुढें दुसरी वाट नसते. ती वाट करून देणें हें राज्यकर्त्यांचें काम, म्हणजे अधिष्ठानाची जबाबदारी. ती आपण मतदार म्हणून मागितली पाहिजे. शिवाय पुलावरून चालतांना त्यानें धोका पत्करला होता तो गाडीचा. आपल्या देवाच्या नारळाचा नव्हे.

लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत गीतारहस्य शिसपेनीनें लिहून काढलें, तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतलें दहावें प्रकरण सबंध याच प्रश्नाला वाहिलेलें आहे: कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य. कर्माच्या चक्रांत देह कितीही जखडलेला असला तरी आत्म्याला प्रयत्नाचें स्वातंत्र्य उरतें, असा त्यांचा निर्णय आहे. हा निर्णय ज्या जागीं लिहिला गेला ती जागा विसरूं नये. मंडालेस जाणें त्यांच्या हातीं नव्हतें, परत येणें त्यांच्या हातीं नव्हतें, शाई मिळणें त्यांच्या हातीं नव्हतें. हातीं एक शिसपेन होती. स्वातंत्र्य बहुधा एवढेंच असतें, एका शिसपेनीएवढें. आणि जबाबदारीही नेमकी तेवढीच असते, अधिक नाहीं, पण कमीही नाहीं. जुन्या वेदान्त्यांनीं प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा दिली आहे. सुटलेल्या बाणावर आपली सत्ता नाहीं हें खरें. परंतु तो सुटेपर्यंत आपल्याच हातांत होता, हेंही त्याच उपमेंत आहे.

मग ज्यांच्या पिशव्या इतकीं वर्षें पाण्यांतच पडल्या, त्यांनीं काय करावें? हत्येचें पाप आपल्या माथीं घेऊन कुढत बसावें असें मी म्हणणार नाहीं. न घडलेल्या घटनेचें प्रायश्चित्त नसतें, आणि तसें कुढणें हाही एक प्रकारचा अहंकारच आहे. परंतु फळ वेगळें झालें म्हणून कृति वेगळी झाली असें समजूं नये. फळांत दैवाचा वांटा असतो. कृति मात्र सगळी आपली असते. त्या सकाळच्या अनोळखी हाताची निंदा करण्याचा अधिकार मला नाहीं, कारण तो हात वीस वर्षें माझ्याच खांद्याला होता.

आमच्या घरीं पुढें जें झालें तें अगदीं साधें आहे. सुनेनें दाराचा खिळा काढून टाकला. गॅलरींत एक भोंकें पाडलेलें मातीचें मडकें आलें. त्यांत रोजचें निर्माल्य आणि मूठभर माती पडते, आणि कांहीं महिन्यांनीं त्याची काळी माती होऊन ती तुळशीला जाते. काकूला पहिले आठ दिवस तें रुचलें नाहीं. नंतर ती आपण होऊन म्हणाली, "देवावरचें फूल तुळशीखालींच गेलें कीं, खाडीपेक्षां हें बरें." दसऱ्याला घटावरचा नारळ तिनें स्वतः फोडला आणि त्याच्या वड्या केल्या. "आयुष्यच तेवढें होतें" हें वाक्य मात्र तिच्या तोंडून अद्याप जात नाहीं. जाऊं नये असेंही मला वाटत नाहीं. तें कोठें बोलावयाचें एवढें तिला आतां कळलें आहे.

परवां मी वसईस जात होतों. गाडी पुलावर चढली, आवाज बदलला, आणि दाराशीं उभ्या असलेल्या एका सभ्य तरुणानें पिशवी वर केली. मी उठून त्याच्याजवळ गेलों आणि म्हटलें, "बाबा रे, खालीं वाट आहे, माणसें चालतात." तो नम्रपणें म्हणाला, "काका, आईनें दिलें आहे. पुण्याचें काम आहे." मग माझ्या समाधानासाठीं त्यानें वांकून खालीं पाहिलें, कोणी दिसलें नाहीं, आणि पिशवी सोडली. खालीं खरोखरच कोणी नव्हतें. त्याचें दैव चांगलें होतें. चांगलें होतें तें तेवढेंच.

वाचकहो, आपल्याही दाराला कदाचित् असा एखादा खिळा असेल. त्यावर निर्माल्याची पिशवी नसेल, दुसरें कांहीं असेल: न पाहतां केलेली सही, मुलाला वाहन देतांना न विचारलेला परवाना, मोलकरणीला गच्चीच्या कठड्यावर चढून कांचा पुसावयास सांगणें. आजवर कांहीं झालेलें नाहीं, म्हणून तो खिळा निर्दोष वाटतो. पुढच्या वेळीं एखादी वाईट बातमी वाचून "त्याचें आयुष्यच तेवढें होतें" हे शब्द ओठांवर आले, तर ते उच्चारण्यापूर्वीं एकवार पहिलीं चार कारणें मोजून पाहावीं. त्या चारांत आपलें नांव कोठेंच नसेल, तर पांचवें अवश्य उच्चारावें. तें दुःखिताला आधार देईल. आणि आपलें नांव त्यांत सांपडलें, तर आधीं उठून तो खिळा काढावा.